बागेत बार्बेक्यू घ्यायचाय? आधी ९०० वर्षांपूर्वी निखाऱ्यावरचं भाजणं ग्रंथात लिहून ठेवणाऱ्या राजाची गोष्ट वाचा

डिसेंबर लागला की वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यात शनिवारी संध्याकाळी एक वास हमखास येतो. राजोडी, कळंब, भुईगाव, अर्नाळा, कुठेही जा. कुणाच्या तरी वाडीत, बंगल्याच्या अंगणात नाहीतर रिसॉर्टच्या मागच्या बाजूला कोळसे पेटलेले असतात आणि त्यावर काहीतरी भाजत असतं. कुणाचं चिकन, कुणाचं पापलेट, कुणाचं पनीर.

मग घरातल्या कुणाला तरी वाटतं, दर वेळी रिसॉर्टला पैसे कशाला द्यायचे? आपल्याच बागेत एक बार्बेक्यू आणून ठेवू. मोबाईल हातात घेतला जातो आणि तिथून घोळ सुरू होतो. कोळशावरचा घ्यायचा की गॅसचा? झाकणवाला की उघडा? जाळी बिडाची की स्टीलची? चार तास स्क्रोल करूनही उत्तर मिळत नाही. शेवटी जो दिसायला भारी तो घेतला जातो आणि पुढच्या पावसाळ्यानंतर भंगारवाल्याला दिला जातो.

या घोळातून बाहेर पडायला एका माणसाची गोष्ट कामाला येते. हा माणूस आचारी नव्हता की शेगड्या विकणारा व्यापारी नव्हता. तो चक्क सम्राट होता. आजच्या महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा मोठा भाग त्याच्या घराण्याच्या ताब्यात होता. त्याच्या काळात राज्याच्या कडा ढासळायला लागल्या, पण त्याने एक असा ग्रंथ मागे ठेवला ज्यात निखाऱ्यावर मांस कसं भाजायचं हेसुद्धा लिहिलंय.

त्याचं नाव सोमेश्वर तिसरा. कल्याणीचा चालुक्य राजा.

कल्याणी म्हणजे ठाण्याजवळचं कल्याण नव्हे

वसईच्या माणसाने कल्याणी ऐकलं की त्याच्या डोळ्यांसमोर खाडीपलीकडचं कल्याण येतं. पण ही कल्याणी वेगळी. आज तिला बसवकल्याण म्हणतात. कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून हे गाव आहे. या पट्ट्यात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा आजही कानावर पडतात.

चालुक्यांच्या या शाखेची सुरुवात दुसऱ्या तैलपाने केली. इसवी सन ९७३ मध्ये त्याने राष्ट्रकूटांची सत्ता उलथवली. पुढे पहिल्या सोमेश्वराने राजधानी कल्याणीला आणली. या पहिल्या सोमेश्वराचा शेवट मोठा चटका लावणारा आहे. आजारातून उठण्याची आशा संपल्यावर १०६८ मध्ये त्याने तुंगभद्रेत जलसमाधी घेतली.

त्याचा एक मुलगा दुसरा सोमेश्वर गादीवर आला. पण दुसरा मुलगा विक्रमादित्य गप्प बसणाऱ्यातला नव्हता. १०७६ मध्ये त्याने भावाला बाजूला सारलं आणि स्वतः राजा झाला. हाच सहावा विक्रमादित्य, आपल्या गोष्टीतल्या सोमेश्वराचा बाप.

बाप असा, की मुलाने काय करावं?

सहाव्या विक्रमादित्याने जवळपास ५० वर्षं राज्य केलं. गादीवर बसताच त्याने शक कालगणना बाजूला ठेवून स्वतःच्या नावाचं वर्ष सुरू केलं. चोळांशी तो आयुष्यभर लढला. गोव्याच्या कदंबांना मुलगी देऊन त्याने नातं जोडलं. त्याची एक राणी चंदलादेवी ही कऱ्हाडच्या शिलाहार घराण्यातली.

त्याच्या दरबारात माणसंही तशीच होती. काश्मीरहून आलेला कवी बिल्हण याने त्याच्यावर महाकाव्य लिहिलं. विज्ञानेश्वर नावाच्या पंडिताने याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिली, तिचं नाव मिताक्षरा. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून हिंदू कुटुंबातले भाऊ आज कोर्टात गेले, तर वकिलाच्या तोंडी हे मिताक्षरा नाव हमखास येतं. ते इथे, कल्याणीत जन्मलं.

अशा घरात सोमेश्वर मोठा झाला. एका बाजूला तलवारीच्या जोरावर भावाचं राज्य घेणारा बाप, दुसऱ्या बाजूला व्याकरण, कायदा, काव्य, वैद्यक यांवर वाद घालणारे पंडित. मुलगा कुठल्या बाजूला झुकला हे पुढे दिसलंच.

११२६-२७ च्या सुमारास बाप गेला आणि सोमेश्वर गादीवर बसला. बापासारखंच त्यानेही स्वतःचं वर्ष सुरू केलं. त्याने बिरुद घेतलं भूलोकमल्ल, म्हणजे पृथ्वीवरचा पैलवान. पण लोकांमध्ये त्याचं दुसरं बिरुद जास्त गाजलं. सर्वज्ञ. म्हणजे सगळं जाणणारा.

कडा ढासळत होत्या आणि राजा लिहीत होता

सोमेश्वराला राज्य मिळालं तेव्हा ते वरून भरभक्कम दिसत होतं. आत मात्र बापाच्या धाकाने शांत बसलेले सगळे जण संधीची वाट बघत होते.

दक्षिणेला होयसळांचा विष्णुवर्धन होता. बेलूरचं प्रसिद्ध मंदिर बांधणारा तोच. तो नावाला चालुक्यांचा मांडलिक, पण एकेक प्रदेश गिळत पुढे सरकत होता. पूर्वेला वेंगीचा सुपीक प्रदेश बापाने मोठ्या कष्टाने मिळवला होता, तो चोळांकडे परत गेला.

आणि याच काळात, ११२९ च्या आसपास, सोमेश्वराने एक प्रचंड ग्रंथ हाती घेतला. त्याचं नाव मानसोल्लास. मनाला उल्हास देणारा. त्याचं दुसरं नाव अभिलषितार्थचिंतामणी. पाच भाग, प्रत्येक भागात २० प्रकरणं, म्हणजे एकूण १०० प्रकरणं. संस्कृतातले सुमारे ८ हजार श्लोक.

एवढं काम एका माणसाने बसून केलं असेल असं नाही. दरबारातल्या जाणकारांचा हात त्याला लागलेला असणारच. पण विषयांची निवड बघितली की एका हौशी, चौकस माणसाचा चेहरा दिसतो.

पहिल्या भागात राज्य कसं मिळवायचं, दुसऱ्यात ते कसं टिकवायचं. इथपर्यंत ठीक, राजाने लिहायचे विषय हेच. पण तिसऱ्या भागापासून गाडी वेगळ्याच रस्त्याला लागते. घर कसं असावं, अंघोळ कशी करावी, विडा कसा लावावा, कपडे, अत्तर, अंथरूण, पाणी आणि जेवण. चौथ्या भागात करमणूक. हत्ती, घोडे, कुस्ती, मासेमारी, गाणं, नाच, गोष्टी. पाचव्या भागात खेळ. डोंगरातले, वनातले, हिरवळीवरचे, पाण्यातले, वाळूतले आणि चांदण्यातलेही.

म्हणजे आज वसईकर ज्याला समुद्रकाठची सहल किंवा बागेतली पार्टी म्हणतो, त्यावर या राजाने ९०० वर्षांपूर्वी स्वतंत्र प्रकरणं लिहून ठेवली.

मराठी माणसासाठी या ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओव्या गातात, अशी नोंद मानसोल्लासात आहे. ज्ञानेश्वरीच्या आधी सुमारे दीडशे वर्षं. मराठी भाषेचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत म्हणूनच हा ग्रंथ हमखास येतो.

त्या वेळी वसई काय करत होती?

आजच्या नालासोपाऱ्याचा सोपारा तेव्हा शूर्पारक म्हणून ओळखला जायचा. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडलेलं हे जुनं बंदर. सोमेश्वराच्या काळात उत्तर कोकणात शिलाहार राजा अपरादित्य राज्य करत होता. कदंबांनी त्याचा मुलूख घेतला होता, तो त्याने लढून परत मिळवला होता.

या अपरादित्याने तेजकंठ नावाच्या पंडिताला काश्मीरच्या विद्वत्सभेसाठी पाठवलं, त्याची नोंद मंख या काश्मिरी कवीच्या काव्यात आहे आणि तिथे शूर्पारकाचं नाव येतं. म्हणजे कल्याणीचा राजा ज्ञानकोश लिहीत होता आणि साधारण त्याच पिढीत सोपाऱ्याचं नाव काश्मीरपर्यंत पोचत होतं. आज ट्रेनमध्ये धक्के खात चढणाऱ्या नालासोपाऱ्याच्या माणसाला हे ठाऊक असायला हरकत नाही.

राजाच्या स्वयंपाकघरात काय भाजलं जायचं?

आता मुद्द्याचं. मानसोल्लासाच्या तिसऱ्या भागात अन्नभोग नावाचं प्रकरण आहे. भात, डाळी, मांडे, पोळ्या, वडे, इडलीच्या पूर्वजासारखा एक पदार्थ, दुधाचे आणि साखरेचे गोड पदार्थ, सगळं त्यात येतं. त्यानंतर मांसाची पाळी. डुक्कर, हरीण, बोकड, मासे, कासव. गाईचं, घोड्याचं, हत्तीचं आणि मोराचं मांस मात्र यात नाही.

यातले बरेच पदार्थ थेट निखाऱ्यावरचे आहेत.

भडित्रक हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. मांसाचे तुकडे करायचे, त्यांना मसाला लावायचा, सळईत ओवायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे. आजच्या सीख कबाबचा जुना नातेवाईक म्हणा. काळजाचे तुकडे सुपारीएवढे कापायचे, निखाऱ्यावर भाजायचे आणि मग मसाला घालून दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात सोडायचे, अशीही एक कृती आहे. डुकराच्या अंगावरचे केस गवताच्या जाळावर कसे काढायचे हेही राजाने सांगितलंय.

आणि हो, उंदीरसुद्धा. शेतात आणि नदीकाठी राहणारे काळे, दणकट उंदीर. एक पद्धत अशी, की त्यांना लोखंडी सळईवर लावून लालबुंद निखाऱ्यावर वरची कातडी आकसेपर्यंत भाजायचं. शिजले की वरून मीठ, जिरं वगैरे भुरभुरायचं आणि खायचं. सम्राटाच्या ताटातला पदार्थ आहे हा. तोंड वाकडं करण्याआधी एवढं लक्षात घ्यायला हवं, की खाण्यातलं उच्च आणि नीच हे काळाप्रमाणे बदलत असतं.

या सगळ्या कृतींमध्ये भाजण्याची गोष्ट जिथे येते तिथे तीन मुद्दे दिसतात. आग जाळाची नाही, निखाऱ्याची. तुकडे लहान आणि मोजून केलेले. आणि भाजायचं साधन म्हणजे साधी लोखंडी सळई. राजाकडे सोन्याचांदीला तोटा नव्हता, तरी कृतीत भर आहे तो आगीवर आणि कापण्यावर.

बागेसाठी बार्बेक्यू निवडायचा असेल, तर सुरुवात इथूनच करायची.

पहिली गोष्ट: आग ताब्यात राहते का?

जाळावर भाजलं की बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहतं. कोळशावर राखेचा पांढरट थर आला की तो भाजायला तयार झाला. त्यासाठी २० ते ३० मिनिटं थांबावं लागतं आणि नवशिके नेमके इथेच घाई करतात.

म्हणून शेगडी घेताना रंग आणि चाकं नंतर बघायची, आधी हे बघायचं. खालून हवा कमी-जास्त करायला झडप आहे का? जाळी वर-खाली करता येते का? सगळे निखारे एका बाजूला सारून दुसरी बाजू मोकळी ठेवता येईल एवढी जागा आहे का? ही मोकळी बाजू फार कामाची. चरबी निखाऱ्यावर गळून भडका उडाला की तुकडे तिकडे सरकवता येतात. कोंबडीची तंगडी आधी निखाऱ्यावर रंगवून मग मोकळ्या बाजूला सावकाश शिजवता येते. कोंबडी आतपर्यंत शिजली का हे रंगावरून ठरवू नये. आतलं तापमान ७४ अंश सेल्सियस झालं पाहिजे, त्यासाठी टोचायचा थर्मामीटर मिळतो.

चार माणसांचं कुटुंब असेल तरी अगदी चिमुकली शेगडी घेऊ नये, ती याचसाठी. तिच्यात निखारे सरकवायला जागाच नसते.

दुसरी गोष्ट: काय भाजणार आहात?

सोमेश्वराचे लहान तुकडे आणि सळया हाच बेत असेल, म्हणजे कबाब, टिक्का, पनीर, कणसं, तर लांबट, उघडी, साधी लोखंडी शेगडी पुरते. सीख कबाबच्या गाडीवर असते तशी. त्यात सळया दोन्ही कडांवर टेकतात आणि मांस जाळीला चिकटत नाही.

अख्खं पापलेट, अख्खी कोंबडी किंवा मोठा तुकडा भाजायचा असेल तर झाकण लागतं. झाकणामुळे शेगडीची भट्टी होते आणि चारी बाजूंनी उष्णता लागते. गोल झाकणाच्या बार्बेक्यूची गोष्टही मजेशीर आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस वेबर नावाच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. तिथे पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनायचे. वाऱ्याने त्याची शेगडी नीट चालत नव्हती, म्हणून त्याने अशा गोल बोयाचे दोन भाग केले. खालच्यात कोळसा, वरचा झाला झाकण. जगभर दिसणारा किटलीसारखा बार्बेक्यू तो हाच. संध्याकाळी समुद्रावरून भरारा वारा सुटणाऱ्या अर्नाळा-राजोडीला झाकणाचा फायदा वेगळा सांगायला नको.

माशासाठी एक जादा वस्तू घ्यायची. दोन्ही बाजूंनी मिटणारी, लांब दांड्याची जाळी. मासा त्यात ठेवून उलटला की तुटत नाही.

तिसरी गोष्ट: कोळसा, गॅस की वीज?

चव आणि वास हवा, वेळही आहे, तर लाकडी कोळसा. तो लाकडाचाच हवा, दगडी कोळसा खाण्याच्या पदार्थाखाली कधीच नको. रंग दिलेली फळकुटं, प्लायवूड किंवा प्लास्टिकही नको, त्यांचा धूर विषारी असतो. पेटवायला रॉकेल ओतलं की सगळ्याला त्याचाच वास लागतो. दोन्ही बाजूंनी उघडा, खाली भोकं पाडलेला पत्र्याचा डबा घ्यावा, तळाशी कागद पेटवावा, वर कोळसा भरावा. पंधरा-वीस मिनिटांत निखारे तयार.

आठवड्यातून दोनदा, कामावरून आल्यावर झटपट भाजायचं असेल तर गॅस बरा. बटण फिरवलं की आच कमी-जास्त. पण तो बागेतच, मोकळ्यावर. सिलिंडर उभा ठेवायचा, नळी आणि जोड साबणाच्या पाण्याने तपासायचे. बुडबुडे आले तर पेटवायचं नाही.

बाग नाही, फ्लॅट आहे, तर विजेवरची ग्रिल घ्यावी. कोळशातून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत तो जीव घेतो. विझत आलेली शेगडीही घरात आणायची नाही. या बाबतीत हौस बाजूला ठेवायची.

चौथी गोष्ट: वसईची हवा

कल्याणी पठारावर आहे, वसई समुद्रावर. हा फरक लोखंडाला सगळ्यात आधी कळतो. खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांत पातळ पत्र्याची शेगडी एका हंगामात गंजते.

म्हणून पत्रा जाड बघायचा. स्टील घ्यायचं तर ३०४ नंबरचं, हलक्या स्टीलवर खाऱ्या हवेत डाग पडतात. लोहचुंबक चिकटलं तर ते बहुधा ३०४ नाही, एवढी ढोबळ परीक्षा दुकानात करता येते. मुलामा दिलेली भांडी चालतात, पण कुठे टवका उडाला की तिथून गंज सुरू होतो. बिडाची जाळी उष्णता छान धरते, पण दर वेळी धुऊन, सुकवून, तेलाचा हात फिरवावा लागतो. घरातला बिडाचा तवा सांभाळतात तसंच. आणि राख शेगडीत तशीच ठेवू नये. ओली राख लोखंड खाते.

ज्याच्याकडे वाडी आहे त्याला आणखी एक मार्ग आहे. विटांचा कायमचा ओटा, वर काढता-घालता येणारी जाळी. गंजायचं काम नाही. जाळी तेवढी पावसाआधी घरात. शेजारच्याच्या खिडकीकडे धूर जाणार नाही आणि माडाच्या सुक्या झावळ्या वर नाहीत, एवढं बघून जागा ठरवली की झालं.

आणि काहीच विकत घ्यायचं नसेल, तर या भागाची उकडहंडी आहेच. मडक्यात कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा भरायच्या, तोंड पाल्याने बंद करायचं आणि आग लावायची. रायगडकडे याच घराण्यातली पोपटी. शेगडीविना बार्बेक्यू.

मग राजाचं काय झालं?

सोमेश्वराला फार वर्षं मिळाली नाहीत. बापाने ५० वर्षं राज्य केलं, मुलाने जेमतेम १२. ११३८ मध्ये तो गेला. बापाचं चरित्रही त्याने लिहायला घेतलं होतं, विक्रमांकाभ्युदय नावाचं. ते अपूर्ण राहिलं.

त्याच्यानंतर मुलगा जगदेकमल्ल आणि मग दुसरा मुलगा तिसरा तैलप गादीवर आले. ११५७ मध्ये त्यांचाच मांडलिक असलेल्या कलचुरी बिज्जलाने कल्याणी बळकावली. म्हणजे सोमेश्वर गेल्यावर वीस वर्षांच्या आत राजधानी घराण्याच्या हातून निसटली. याच बिज्जलाच्या दरबारात बसवण्णा होते. त्यांनी जातीच्या उतरंडीला आव्हान दिलं आणि गावाला पुढे त्यांचंच नाव लागलं. त्याच शतकाच्या शेवटी चालुक्य संपले. दक्षिणेकडचा भाग होयसळांनी घेतला, उत्तरेकडचा देवगिरीच्या यादवांनी.

त्यामुळे सोमेश्वराबद्दल एक आक्षेप राहतोच. सीमेवर विष्णुवर्धन आणि चोळ असताना राजाने काळीज कसं भाजावं यावर श्लोक का लिहावेत? तलवार घासायची सोडून?

आक्षेप खोटा नाही. त्याच्या काळात प्रदेश गेले, हे खरंच आहे. पण दुसरी बाजूही बघायला हवी. त्याच्या बापाने जिंकलेलं वेंगी गेलं. भावाकडून हिसकावलेलं राज्य गेलं. मोठ्या थाटात सुरू केलेली दोघांची वर्षं कॅलेंडरातून पुसली गेली. ज्या विष्णुवर्धनाने चालुक्यांना हैराण केलं, त्याचंही साम्राज्य उरलं नाही.

उरला तो मानसोल्लास. पोथ्यांतून नकला होत होत तो शतकं ओलांडून आला. १९२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्याचा पहिला खंड छापून निघाला, संपादक होते गजानन श्रीगोंदेकर. बाराव्या शतकात इथली माणसं काय खायची, काय गायची, मासे कसे पकडायची, फावल्या वेळात कुठे जायची, हे आज कळतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. लढाया सांगणारे शिलालेख शेकड्याने आहेत. जेवण सांगणारा राजा मात्र क्वचितच सापडतो.

सोमेश्वराला हे बहुधा उमगलं होतं, की राज्य मिळवणं आणि टिकवणं हे ग्रंथाचे पहिले दोनच भाग आहेत. उरलेले तीन भाग, म्हणजे अर्ध्याहून जास्त ग्रंथ, माणसाने जगावं कसं यासाठी आहेत.

तेव्हा या शनिवारी वसईच्या एखाद्या अंगणात शेगडी पेटेल, तेव्हा ती कितीची आहे आणि कुठल्या कंपनीची आहे यावरून फार डोकं खपवायची गरज नाही. पत्रा जाड हवा, हवेची झडप हवी, निखारे सरकवायला जागा हवी. तुकडे सारखे कापायचे, जाळ बसेपर्यंत धीर धरायचा, मीठ-जिरं शेवटी भुरभुरायचं. ९०० वर्षांपूर्वी एका सम्राटाच्या स्वयंपाकघरातही निखारे असेच धरले जात होते.